कणा, गाठ आणि पहिली शस्त्रक्रिया

‘गाठीला चाकू लावला की ती पसरते’ हे वाक्य आपल्याकडे घराघरांत ऐकू येतं. डॉक्टर ते खोडून काढतात आणि बहुतेक गाठींच्या बाबतीत ते खोडणं बरोबरच आहे. या भीतीपायी बायोप्सी टाळणारे, महिनोन्‌महिने लेप आणि काढे घेत बसणारे रुग्ण कमी नाहीत. तरीही पाठीच्या कण्यात उगवणाऱ्या काही दुर्मीळ गाठींचा इतिहास पाहिला, तर या समजुतीला एका कोपऱ्यात आधार सापडतो. गाठीची जात न ओळखता, चुकीच्या वाटेने आत शिरलेला चाकू खरोखरच गाठ पसरवतो. कॉर्डोमासारखी गाठ पहिल्याच शस्त्रक्रियेत फुटली, तर नंतर कितीही निष्णात हात मिळाले तरी ती संधी परत येत नाही.

म्हणून या विषयातला कळीचा प्रश्न मला असा दिसतो: अशा गाठीचं पहिलं ऑपरेशन कुणी, कधी आणि किती करायचं? गेल्या सव्वाशेहून अधिक वर्षांत उपकरणं पार बदलली, पण वाद याच प्रश्नाभोवती फिरत राहिला. त्याला एकच एक उत्तर नाही. काही गाठी एकसंध, आजूबाजूच्या निरोगी हाडासकट काढाव्या लागतात, काही आतून पोखरत काढाव्या लागतात, काही अर्ध्यावर सोडण्यात शहाणपण असतं आणि काहींना चाकू लावायचाच नसतो. कुठली गाठ कुठल्या गटातली, हे शस्त्रक्रियेच्या टेबलावर कळून उपयोगाचं नाही.

आधी थोडा नकाशा. कण्यात सापडणाऱ्या गाठींपैकी दहातल्या नऊहून अधिक मूळच्या तिथल्या नसतात; स्तन, फुप्फुस, प्रोस्टेट, मूत्रपिंड अशा ठिकाणच्या कर्करोगाच्या पेशी तिथे येऊन वसलेल्या असतात. त्यांच्या उपचाराचं गणित वेगळं आहे आणि तो या लेखाचा विषय नाही. मूळ कण्यातच जन्मलेल्या गाठी तीन जागी असतात: मणक्याच्या हाडात, मज्जारज्जूभोवतीच्या ड्युरा या आवरणाच्या आत पण रज्जूच्या बाहेर, आणि थेट रज्जूच्या गाभ्यात. यातल्या मधल्या जागेतल्या श्वानोमा आणि मेनिन्जिओमा या गाठी त्यातल्या त्यात नेहमीच्या. त्या बहुधा सौम्य असतात, रज्जूला बाहेरून दाबतात आणि अलगद सुटून येतात. प्रश्न अवघड होतो तो पहिल्या आणि तिसऱ्या जागी.

रुग्ण शल्यविशारदापर्यंत पोचतो कसा, यावरच पुढचं बरंच अवलंबून असतं. पाठ दुखते. आधी बाम, मग गोळ्या, मग ‘गादी सरकली असेल’ म्हणून पट्टा. माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीत गाठ असेल तर बसताना दुखतं, बद्धकोष्ठ होतं, आणि मूळव्याधीची औषधं सुरू होतात. रज्जू दबत असेल तर रुग्ण एक ठरलेली गोष्ट सांगतो, पण विचारल्याशिवाय सांगत नाही: चालताना चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि कळतही नाही. झोपेतून उठवणारं, आडवं पडूनही न थांबणारं, आठवड्यागणिक वाढत जाणारं दुखणं आणि ही निसटणारी चप्पल, एवढ्यावर एमआरआय करून घ्यायला हवा.

एमआरआयवर खचलेला मणका दिसला की भारतात पहिलं नाव येतं टीबीचं, आणि ते स्वाभाविक आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव आपल्या देशात आहेत आणि हाडांच्या क्षयात पाठीचा कणा सर्वाधिक वेळा सापडतो. अडचण पुढे येते. बायोप्सी न करता टीबीची औषधं सुरू होतात, पहिले काही आठवडे विश्रांतीने बरं वाटतं, आणि गाठ असेल तर तिला सहा-आठ महिने मोकळे मिळतात. क्षय सहसा दोन मणक्यांमधली चकती खातो आणि शेजारचे दोन्ही मणके धरतो. गाठ सहसा चकती शाबूत ठेवते. फिल्म वाचताना हा फरक उपयोगी पडतो, पण अपवाद दोन्हीकडे आहेत. नमुना काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली आणि जीनएक्स्पर्टवर, म्हणजे कर्करोग आणि क्षय दोन्हींसाठी, एकाच वेळी तपासणं हा यावरचा सरळ उपाय आहे.

बायोप्सीची सुई कुठून घालायची हाही शस्त्रक्रियेचाच भाग आहे. सीटी स्कॅनच्या मदतीने घातलेली सुई ज्या वाटेने गेली, त्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडलेल्या असू शकतात. पुढच्या शस्त्रक्रियेत ती वाटही गाठीसोबत काढता यायला हवी. त्रिकास्थीच्या गाठीला म्हणून पाठीमागून, मध्यरेषेजवळून सुई घालतात. गाठ गुदाशयातून बोटाला लागते म्हणून तिथूनच नमुना घेतला, तर निरोगी गुदाशयही पुढे काढावा लागण्याची वेळ येते. म्हणून बायोप्सी कुठून घ्यायची हे जो शल्यविशारद नंतर ऑपरेशन करणार आहे त्यानेच ठरवावं, असा संकेत जगभरच्या केंद्रांत रुळला आहे. आपल्याकडे तो अजून पुरेसा रुळलेला नाही, ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे.

कण्यातल्या गाठीवरच्या शस्त्रक्रियेचा इतिहास साधारणपणे ९ जून १८८७ पासून सांगतात. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या रुग्णालयात एका लष्करी कॅप्टनचे पाय लुळे पडले होते. एक्स-रेचा शोध अजून आठ वर्षं दूर होता. विल्यम गॉवर्स या मज्जाविकारतज्ज्ञाने केवळ संवेदना कुठपर्यंत गेली आहे हे तपासून गाठ कुठे असावी ते सांगितलं आणि व्हिक्टर हॉर्स्ली यांनी तिथलं हाड उघडलं. गाठ दिसेना. हॉर्स्ली थांबण्याच्या बेतात असताना त्यांचे सहायक चार्ल्स बॅलन्स यांनी अजून थोडं वरचं हाड काढून पाहण्याचा आग्रह धरला, आणि गाठ तिथे होती. रुग्ण पुन्हा चालू लागला. ती गाठ ड्युराच्या आत पण रज्जूच्या बाहेर होती, म्हणजे अलगद सुटणारी. पुढची कित्येक वर्षं हाडातल्या गाठींनाही हाच न्याय लावला गेला: मागून लॅमिनेक्टॉमी करायची, म्हणजे मणक्याची मागची कमान काढायची, जेवढं दिसतं तेवढं खरवडून काढायचं, रज्जू मोकळी करायची. आराम पडायचा, आणि काही महिन्यांनी गाठ परत यायची.

ही पद्धत सर्वांत वाईट हरली ती कॉर्डोमापुढे. गर्भात कणा घडत असताना मधोमध नोटोकॉर्ड नावाचा एक दांडा असतो. मणके तयार झाल्यावर तो विरून जातो, पण कुठे कुठे त्याच्या पेशी मागे राहतात. त्यातून कित्येक दशकांनी ही गाठ उगवते. रुडॉल्फ फिर्को यांनी १८५७ मध्ये तिच्या बुडबुड्यांनी भरलेल्या पेशींचं वर्णन केलं, पण त्यांना ती कूर्चेतली वाटली; नोटोकॉर्डशी नातं लगेच पुढच्या वर्षी सुचवलं गेलं आणि आजचं नाव १८९४ च्या सुमारास रुजलं. अमेरिकेच्या कर्करोग नोंदणीतल्या १९७३ ते १९९५ या काळातल्या ४०० रुग्णांच्या अभ्यासात तिचं प्रमाण वर्षाला दर लाख लोकांमागे ०.०८ निघालं, म्हणजे दहा लाखांत एकाहूनही कमी. त्याच अभ्यासात पाच वर्षांनी ६८ टक्के रुग्ण हयात होते आणि दहा वर्षांनी ४० टक्के. पाच वर्षांचा आकडा दिलासा देणारा वाटतो, दहा वर्षांचा नाही. ही गाठ सावकाश वाढते आणि सावकाशच परतते. नेहमीच्या किमोथेरपीला ती दाद देत नाही, नेहमीच्या मात्रेच्या रेडिएशनलाही फारशी देत नाही. आतून ती बुळबुळीत, चिकट असते. कवच फुटलं की तो द्रव जखमेत जिथे जिथे लागेल तिथे नवी गाठ धरते.

यावर उत्तर शोधलं ते हाडांच्या शल्यविशारदांनी, आणि ते हातापायांच्या कर्करोगाकडून घेतलं. तिथे नियम ठरून गेला होता की गाठ नजरेला पडताच कामा नये. तिच्याभोवती निरोगी मांसाचं आवरण ठेवून ती एकसंध बाहेर यावी. कण्यात हे कसं करायचं? गाठ आणि रज्जू यांच्यात कधी कधी काही मिलिमीटरच अंतर असतं, समोर महाधमनी, बाजूला फुप्फुस. स्वीडनमधल्या गोथेनबर्गचे बर्टिल स्टेनर यांनी छातीच्या सातव्या मणक्यातल्या काँड्रोसार्कोमासाठी, म्हणजे कूर्चेच्या कर्करोगासाठी, अख्खा मणका काढल्याचं १९७१ मध्ये प्रसिद्ध केलं. १९७८ मध्ये त्यांनी आणि गुंटरबर्ग यांनी त्रिकास्थी उंचावरून कापण्याची पद्धत मांडली. फ्रान्समध्ये रॉय-कामिय यांनी हे काम पुढे नेलं, आणि १९९० च्या दशकात जपानमधल्या कानाझावाचे कात्सुरो तोमिता यांनी संपूर्ण मणका फक्त मागच्या बाजूने काढण्याची रीत बसवली.

तोमितांची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. मणका हे रज्जूभोवतीचं बंद कडं आहे. बांगडी मनगटातून न काढता फोडावीच लागावी, तसं हे कडं कुठेतरी तोडल्याशिवाय रज्जूवरून उतरत नाही. तोमितांनी त्यासाठी पोलादी तारांची पिळलेली, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची करवत बनवली. ती मागच्या हाडाखालून, नस बाहेर पडते त्या छिद्रातून ओवतात आणि पुढे-मागे ओढत मणक्याचा देठ, म्हणजे मागची कमान पुढच्या भागाला जोडणारं हाड, दोन्ही बाजूंनी आतून बाहेर कापतात. मागची कमान एका तुकड्यात उचलली जाते. मग बोटांनी मणक्याच्या समोरून महाधमनी अलगद सोडवायची, वरची आणि खालची चकती कापायची, आणि मणक्याचा गट्टू रज्जूला धक्का न लावता बाजूने फिरवून बाहेर काढायचा. रिकाम्या जागी टायटॅनियमचा पिंजरा, वरखाली स्क्रू आणि सळया. हे होईपर्यंत कणा तुटलेला असतो, म्हणून एका बाजूची तात्पुरती सळई आधीच बसवून ठेवावी लागते.

या रीतीची मर्यादाही तिच्यातच आहे. करवत देठातून जाते. गाठ दोन्ही देठांत शिरलेली असेल, तर करवत गाठीतूनच जाणार आणि ‘एकसंध’ हा शब्द नावापुरता उरणार. १९९७ मध्ये वाइनस्टाइन, बोरियानी आणि बियाजिनी यांनी आणलेली आखणी नेमकी इथे उपयोगी पडते. आडव्या छेदात मणका घड्याळाच्या तबकडीसारखा बारा भागांत आणि बाहेरून आत पाच थरांत वाटायचा, गाठ कुठल्या कुठल्या घरांत आहे ते भरायचं, आणि कडं तोडायला गाठमुक्त जागा उरते का ते पाहायचं. उरत नसेल तर एकसंध काढण्याचा आग्रह सोडावा. बोलोन्याच्या रिझोली संस्थेतल्या बोरियानी यांच्या गटाने स्वतःच्या रुग्णांची गुंतागुंतही लपवली नाही: एकसंध शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना ती झाली. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, सळई तुटणं, ड्युरातून पाणी गळणं. ज्या रुग्णांचं पहिलं ऑपरेशन दुसरीकडे अर्धवट झालं होतं, त्यांच्यात हे प्रमाण अधिक होतं. पहिल्या शस्त्रक्रियेचं मोल इतक्या स्पष्टपणे दाखवणारा पुरावा मला दुसरा माहीत नाही.

त्रिकास्थीत किंमत आणखी वैयक्तिक होते. तिथून निघणाऱ्या नसा लघवी, शौच आणि लैंगिक क्रिया सांभाळतात. दुसऱ्या जोडीच्या दोन्ही नसा आणि तिसऱ्या जोडीतली निदान एक वाचली तर ताबा बहुधा टिकतो. एका बाजूच्या सगळ्या गेल्या आणि दुसरी बाजू शाबूत राहिली, तरी बरंच निभावतं. दुसरी जोडी दोन्हीकडून गेली की ताबा जातो. ओपीडीच्या खोलीत मग बोलणं साधारण असं चालतं.

“काका, गाठ दुसऱ्या नसेच्या वर पोचलीय. पूर्ण काढायची तर दोन्हीकडच्या नसा जातील. लघवी दिवसातून चार-पाच वेळा नळीने काढावी लागेल. शौचावर ताबा राहणार नाही, पोटावर पिशवी लागू शकेल.”

काका काही बोलत नाहीत. मुलगा विचारतो, “डॉक्टर, नसा ठेवून थोडी गाठ राहू दिली तर?”

“राहिलेली गाठ वाढणार. मग नसाही जाणार, आणि तेव्हा पूर्ण काढायची संधी उरलेली नसेल.”

“आणि चालणं?”

“चालतील. पहिली नस वाचली तर नक्की.”

या संवादाला घाई नसावी. काकांच्या घरात संडास कुठे आहे, नळी घालायला कोण मदत करेल, शेतात दिवसभर बसणं-उठणं असतं की दुकानात बसायचं असतं, हे सगळं त्या निर्णयात येतं. काही जण ताबा गमावूनही गाठीतून सुटणं निवडतात, काही जण उलट. दोन्ही निवडी समंजस आहेत आणि डॉक्टरने ती निवड रुग्णावर लादू नये, पण अर्धवट शस्त्रक्रिया ‘मधला मार्ग’ म्हणून विकूही नये.

अलीकडे इथे तिसरा पर्याय उभा राहिला आहे. कॉर्डोमाला किरणांची ७० ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचं एकक) किंवा त्याहून जास्त मात्रा लागते, तर मज्जारज्जू साधारण ४५ ते ५० ग्रेपर्यंतच सुरक्षित समजली जाते. नेहमीचा किरण गाठीतून आरपार जातो, म्हणून एवढी मात्रा देता येत नव्हती. प्रोटॉन आणि कार्बन आयन ठरलेल्या खोलीवर थांबतात आणि बहुतेक ऊर्जा तिथेच सोडतात. जपानमध्ये शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या त्रिकास्थीच्या १८८ कॉर्डोमा रुग्णांना केवळ कार्बन आयन दिल्यावर पाच वर्षांनी सुमारे ७७ टक्के रुग्णांत गाठ जागच्या जागी आटोक्यात होती आणि ८१ टक्के हयात होते. भारतात चेन्नईत २०१९ पासून प्रोटॉन उपलब्ध आहे. नवी मुंबईत खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत २०२३ मध्ये रुग्ण घेणं सुरू झालं. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार ठरलेले असतील तर सळयाही बदलतात: धातू सीटीवर चमकून गणित बिघडवतो, म्हणून कार्बन फायबरच्या सळया आणि स्क्रू वापरात येत आहेत.

हाडातल्या इतर दुर्मीळ गाठींबद्दल थोडक्यातच सांगता येईल, आणि त्यातला बराच भाग चाकू न लावण्याबद्दल आहे. जायंट सेल ट्यूमर आशियात पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतो. त्यासाठी डेनोसुमॅब या औषधाला अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. त्याने गाठ कडक होते, रक्तस्राव कमी होतो, कधी शस्त्रक्रिया लहान होते; पण औषध थांबवलं की ती पुन्हा जागी होऊ शकते, आणि औषधानंतर नुसती खरवडून काढली तर परतण्याचा धोका वाढतो. ऑस्टिऑइड ऑस्टिओमा या इटुकल्या गाठीने मुलाची पाठ वाकते, रात्री दुखतं आणि अ‍ॅस्पिरिनने आराम पडतो. आज सुई घालून ती उष्णतेने जाळता येते. यूइंग सार्कोमात किमो आधी, ऑपरेशन नंतर. एकाच मणक्यातल्या प्लाझ्मासायटोमाला बहुतेक वेळा रेडिएशन पुरतं. लहान मुलाचा चपटा झालेला मणका लँगरहान्स पेशींच्या रोगाने असेल, तर तो बहुधा आपणहून भरून येतो. तिथे केलेलं मोठं ऑपरेशन हाच अपाय. हेमँजिओमा तर असंख्य लोकांच्या कण्यात निरुपद्रवी पडून असतो. त्याच्या दुर्मीळ, आक्रमक प्रकारासाठी फ्रान्समधल्या अमिएँ इथे १९८४ मध्ये मानेच्या दुसऱ्या मणक्यात सुईने सिमेंट भरलं गेलं, आणि आज हाडं ठिसूळ झालेल्या हजारो वृद्धांवर वापरली जाणारी पद्धत अशी या एका दुर्मीळ गाठीतून निघाली.

आता रज्जूच्या आतल्या गाठी. इथे निरोगी कड ठेवून काढणं ही कल्पनाच गैरलागू आहे, कारण कड म्हणजे रज्जूच. जेमतेम एक सेंटिमीटर जाडीच्या दोरीतून हातापायांच्या सगळ्या आज्ञा खाली जातात आणि सगळ्या संवेदना वर येतात. १९०७ मध्ये व्हिएन्नात फॉन आयझेल्सबर्ग यांनी अशी गाठ यशस्वीपणे काढली. न्यूयॉर्कच्या चार्ल्स एल्सबर्ग यांनी १९११ च्या सुमारास एक धीराची पद्धत मांडली: रज्जूवर चीर द्यायची, गाठीला हात न लावता जखम बंद करायची, आणि आतल्या दाबाने गाठ वर ढकलली गेल्यावर आठवडाभराने पुन्हा उघडून ती काढायची. त्यानंतर कित्येक दशकं बहुतेक ठिकाणी बायोप्सी आणि रेडिएशन एवढंच चाललं. चित्र बदललं ते बायपोलर चिमटा, शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक, गाठ ध्वनिलहरींनी फोडून शोषून घेणारं यंत्र आणि एमआरआय ही चार साधनं हाती आल्यावर. न्यूयॉर्कचे फ्रेड एप्स्टाइन यांनी १९८० च्या दशकात मुलांच्या रज्जूतल्या गाठी मोठ्या संख्येने आणि धाडसाने काढून दाखवल्या, तेव्हा ‘हात लावायचाच नाही’ हा नियम मोडला.

तरी धाडसालाही गाठीची जात पाहावी लागते. एपेन्डिमोमा आणि रज्जू यांच्यात सहसा एक फट सापडते. ती धरून गाठ पूर्ण काढता येते आणि बहुतेक वेळा त्यानंतर काही लागत नाही. अ‍ॅस्ट्रोसायटोमात ती फट नसते, पेशी रज्जूत विरघळल्यासारख्या मिसळलेल्या असतात. तिथे पूर्ण काढण्याच्या हट्टापायी पाय जातात आणि आयुष्य वाढत नाही, म्हणून निदानापुरता नमुना आणि थोडा दाब कमी करणं यावर समाधान मानतात. हेमँजिओब्लास्टोमाच्या आत शिरायचंच नाही; रक्त आणणाऱ्या वाहिन्या आधी बंद करायच्या, घेऊन जाणारी शीर शेवटपर्यंत ठेवायची आणि गाठ अखंड सोडवायची. हा रोग वंशागत असेल तर आयुष्यभर नव्या गाठी येत राहतात. अशांसाठी बेल्झुटिफॅन हे तोंडाने घ्यायचं औषध २०२१ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. कण्याच्या तळाशी होणारा मिक्सोपॅपिलरी एपेन्डिमोमा पूर्वी सर्वांत सौम्य श्रेणीत होता; २०२१ च्या वर्गीकरणात त्याला दुसऱ्या श्रेणीत नेलं. कवच फुटलं की तो मज्जाजलातून इतरत्र रुजू शकतो. इथेही पहिल्याच वेळी अखंड काढणं महत्त्वाचं ठरतं.

टेबलावर काय चालतं? रज्जूच्या मागच्या मध्यरेषेवर चीर दिली जाते. कवटीवरून मेंदूला विजेचे हलके ठोके देतात आणि गाठीच्या खाली ठेवलेल्या इलेक्ट्रोडवर ते किती पोचतात हे एक तंत्रज्ञ सतत वाचत असतो. या लहरीला डी-वेव्ह म्हणतात. स्नायूंतला प्रतिसाद गेला पण डी-वेव्ह निम्म्याहून जास्त टिकली, तर पाय काही आठवडे लुळे राहून परत येतात. ती निम्म्याखाली आली तर लुळेपणा कायमचा होऊ शकतो. तंत्रज्ञाने “उतरतेय” म्हणताच सर्जन हात उचलतो, कोमट सलाइन सोडतो, भूलतज्ज्ञ रक्तदाब वाढवतो, आणि सगळे थांबतात. लहर परतली तर काम पुढे, नाही तर दुसऱ्या बाजूने किंवा दुसऱ्या दिवशी. इटलीतल्या व्हेरोनाच्या फ्रांचेस्को साला यांच्या गटाने २००६ मध्ये अशा देखरेखीखालचे ५० आणि त्याआधीचे देखरेखीशिवायचे ५० रुग्ण ताडून पाहिले; काही महिन्यांनंतर देखरेखीखालचे रुग्ण अधिक चांगल्या स्थितीत होते.

शस्त्रक्रिया सुरळीत झाली तरी मध्यरेषेवरच्या चिरेमुळे अनेकांना पायाची जाणीव काही काळ राहत नाही. बळ असतं, पण डोळे मिटले की पाऊल कुठे आहे ते कळत नाही, आणि अंधारात मोरीपर्यंत जाणंही अवघड होतं. हे आधी सांगितलं नाही तर रुग्णाला ऑपरेशन फसल्यासारखं वाटतं. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे: ऑपरेशनच्या वेळी जो चालत येतो तो बहुतेक वेळा चालत जातो, जो स्ट्रेचरवरून येतो, त्याला पाय क्वचितच परत मिळतात. म्हणून ‘चालतंय तोवर कशाला’ हा सल्ला रज्जूच्या आतल्या वाढत्या गाठीत नेमका उलटा आहे. लहान मुलांत मागची कमान कायमची काढली तर वाढत्या वयात पाठ पुढे वाकते, म्हणून ती उचलून परत बसवायची असते किंवा कणा स्क्रूने बांधायचा असतो.

या बांधण्यात मुंबईचा एक खरा वाटा आहे. मानेच्या पहिल्या दोन मणक्यांत गाठ असेल तर ती काढल्यावर डोकं टेकणार कशावर, हा प्रश्न येतो. केईएम रुग्णालयातले अतुल गोयल आणि लहेरी यांनी या दोन मणक्यांना प्लेट आणि स्क्रूने जोडण्याची पद्धत १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. ती पुढे थोड्या फरकाने जगभर वापरात आली. त्याच जागेसाठी २०१४ मध्ये बीजिंगमध्ये यूइंग सार्कोमा झालेल्या बारा वर्षांच्या मुलाला त्रिमितीय छपाईने बनवलेला दुसरा मणका बसवला गेला, आणि पुढच्या वर्षी सिडनीत वरच्या दोन मणक्यांच्या कॉर्डोमासाठी तसाच प्रयोग झाला. तंत्र थक्क करणारं आहे. पण गाठ फोडून काढलेली असेल, तर कितीही सुंदर मणका बसवून गाठ परतायची थांबत नाही.

पुराव्याबद्दल प्रामाणिकपणे बोलायला हवं. एवढ्या दुर्मीळ रोगांत दोन गट पाडून तुलना करणारे प्रयोग जवळपास नाहीत. बहुतेक ज्ञान एकेका केंद्राच्या वीस-तीस वर्षांच्या नोंदींतून आलं आहे, आणि अशा नोंदींत तब्येतीने बरे आणि लहान गाठीचे रुग्ण एकसंध शस्त्रक्रियेकडे जाणार आणि उरलेले दुसरीकडे, हा झुकाव असतोच. तरी कॉर्डोमात एकसंध काढण्याचा फायदा इतक्या वेगवेगळ्या देशांतून इतक्या सातत्याने दिसला आहे की २०१५ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून मांडलेल्या मतैक्यातही तोच पाया राहिला. त्या एकत्र येण्यामागे रुग्णांचाही जोर होता: जॉश सॉमर या अमेरिकी विद्यार्थ्याला स्वतःला कॉर्डोमा झाल्यावर त्याने आणि त्याच्या डॉक्टर आईने २००७ मध्ये या एका गाठीसाठी प्रतिष्ठान काढलं.

आपल्याकडे कमतरता हाताच्या कौशल्यापेक्षा रुग्ण योग्य दारी पोचण्याची आहे. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आहे, २०१२ पासून राष्ट्रीय कर्करोग जाळ्यात देशभरची केंद्रं जोडली गेली आहेत, आणि मोठ्या शहरांत कण्याचे उत्तम शल्यविशारद आहेत. पण जिल्ह्याच्या गावी पाय लुळे पडत असलेला रुग्ण रात्री येतो, आणि तिथला सर्जन चांगल्या हेतूने रज्जू मोकळी करतो. तातडी खरी असेल तर ते करावंच लागतं. मात्र बहुतेक रुग्णांत दोन-तीन दिवसांची उसंत असते, आणि तेवढ्यात एमआरआयची फाइल मोबाइलवरून मुंबईला, पुण्याला, नागपूरला पाठवून विचारता येतं. बायोप्सी झालेली असेल तर नातेवाइकांनी कागदी रिपोर्टबरोबर पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला नमुना) आणि स्लाइड मागून घ्याव्यात. कॉर्डोमा आहे की काँड्रोसार्कोमा, हे ब्रॅकियुरी या प्रथिनाच्या चाचणीवर ठरतं आणि ती चाचणी त्याच ब्लॉकवर करता येते. ऑपरेशन आधी झालं असेल तर सर्जनची ऑपरेशन नोट हवी: गाठ फुटली होती का, कुठे काही राहिलं का, नस कापली का.

पुढच्या काही वर्षांत या विषयातलं सर्वांत मोठं उत्तर त्रिकास्थीच्या कॉर्डोमाबद्दल येईल असं दिसतं. शस्त्रक्रिया की केवळ उच्च मात्रेचे प्रोटॉन-कार्बन किरण, याची थेट तुलना करणारा अभ्यास इटलीतल्या सार्कोमा गटाने युरोपात सुरू केला. लॉटरीने उपचार ठरवायला जे रुग्ण तयार नसतील, त्यांनी स्वतः निवडलेल्या उपचाराची नोंदही त्यात धरली जाते. ताबा गमावायचा की जोखीम घ्यायची या काकांच्या प्रश्नावर आज डॉक्टरकडे अनुभव आहे, आकडे थोडे आहेत. खारघरला उपचार घेणाऱ्या प्रत्येक कॉर्डोमा रुग्णाची दहा वर्षांची नोंद, दर एमआरआयसकट, नीट ठेवली गेली तर त्या उत्तरात आपलाही भाग असेल.